सोल, पॅरिस की गोवा: प्रवासात केक शिकायचा तर कुठे?

सहलीतला एक अख्खा दिवस केकच्या क्लाससाठी राखायचा म्हणजे त्या दिवशीचा किल्ला, संग्रहालय किंवा समुद्र सोडायचा. म्हणून निवड नीट व्हायला हवी. गेल्या काही वर्षांत मी असे तीन क्लास केले: गोव्यात बेबिंका हा थरांचा गोड पदार्थ, पॅरिसमध्ये पेस्ट्री आणि सोलमध्ये फुलांचा केक. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणी आता विचारतात, यातला कुठला करू? मी त्यांना आधी एकच विचारते. परत आल्यावर, मे महिन्यात, ठाण्यातल्या तुझ्या ओट्यावर त्यातलं काय करणार आहेस?

या प्रश्नाला लागून दुसरा येतो, तो अंड्याचा. आपल्याकडे घरगुती केकवालीला फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा "एगलेस मिळेल ना?" हेच असतं. गोव्याची बेबिंका बलकांवर उभी असते, एका बेबिंकेला दहाएक बलक सहज लागतात. पॅरिसचा मॅकारॉन, म्हणजे बदामाच्या पिठाचं हलकं बिस्किट, अंड्याच्या पांढऱ्यावर उभा असतो. या दोन्हींतून अंडं काढलं तर पदार्थच उरत नाही. सोलमध्ये मात्र दोन वाटा आहेत. एक बटरक्रीमच्या फुलांची, तिला अंड्याचा पांढरा भाग लागतो. दुसरी वाट तांदळाच्या वाफवलेल्या केकवर कडधान्याच्या पेस्टची फुलं काढण्याची. तिथे अंडं लागत नाही, मैदा लागत नाही आणि ओव्हनही लागत नाही.

सोल: हाताला ओळखीचं वाटलं ते इथे

कोरियात तांदळाच्या अशा पदार्थांना त्तोक म्हणतात आणि केकसाठी वापरतात तो साधा पांढरा त्तोक म्हणजे बेकसोल्गी. तांदूळ भिजवायचा, निथळायचा, ओलसर असतानाच दळायचा. मग पिठावर थोडं थोडं पाणी शिंपडून ते तळहातांत चोळायचं. ओल पुरेशी झाली की नाही हे कळण्यासाठी पीठ मुठीत दाबायचं: मूठ वळली आणि हलक्या धक्क्याने फुटली नाही की झालं. बाईंनी हे दाखवलं तेव्हा मला आईचं अनारशाचं पीठ आठवलं. तिथेही भिजवलेले तांदूळ, तिथेही दमट पीठ, तिथेही हाताचाच अंदाज. नंतर पीठ दोनदा चाळायचं, साखर अगदी शेवटी मिसळायची आणि साच्यात न दाबता भरून वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं. कोकणातलं सांदण ज्यांनी केलंय त्यांना हे वाफवणं परकं वाटणार नाही.

फुलांसाठीची पेस्ट पांढऱ्या कडधान्याची. शिजवायचं, सालं काढायची, गाळायचं, साखर घालून आटवायचं. तिथे ती तयार मिळते, आंगगुम या नावाने. पायपिंग बॅगेत भरताना ती चक्क्याइतकी घट्ट हवी. सैल करायला काही जणी थोडं दूध किंवा क्रीम घालतात, त्यामुळे दूध चालत नसेल तर आधीच सांगून ठेवावं. रंगासाठी लाल भोपळा, जांभळं रताळं, बीट यांच्या भुकट्या. त्यामुळे फुलांचे रंग अगदी सौम्य येतात, आपल्या बाजारातल्या जेल रंगांसारखे भडक नाहीत.

मग खरं शिकणं सुरू होतं. डाव्या हातात फ्लॉवर नेल, म्हणजे सपाट डोक्याचा मोठा खिळा, उजव्या हातात बॅग. गुलाबाला १०४ नंबरचं नोजल, त्याची रुंद बाजू खाली आणि अरुंद बाजू वर. मधोमध एक कळी, तिच्याभोवती तीन पाकळ्या, मग पाच, मग सात. खिळा फिरण्याचा वेग आणि हाताचा दाब जुळला नाही तर पाकळीची कड फाटते. माझे पहिले काही गुलाब कोबीसारखे दिसले. बाईंनी एकदा माझं मनगट धरून खिळा फिरवला आणि नववा की दहावा गुलाब उमलला. हे व्हिडिओ बघून कळत नाही, याच एका कारणासाठी मी प्रवासातल्या क्लासच्या बाजूने आहे. पेस्ट घट्ट असल्याने हात मात्र भरून येतो. चकलीचा पितळी सोऱ्या तासभर दाबल्यासारखा.

आता आपल्या हवेचा विचार करा. लोणी तिशीच्या वर गेलं की मऊ पडतं आणि थोड्याच अंशांत वितळतं. कोरियन बटरक्रीमची फुलं किंचित पारदर्शक, चकचकीत दिसतात. सुमारे ११८ अंशांपर्यंत तापवलेला साखरेचा पाक फेटलेल्या पांढऱ्यात ओतून, त्यात थंड लोणी मिसळून ती केलेली असतात. दिसायला तोड नाही, पण एसी नसलेल्या हॉलमध्ये, वैशाखातल्या बारशाला, ती टिकणार नाहीत. कडधान्याच्या पेस्टमध्ये लोणी नसल्याने ती वितळत नाही. तिचा दोष उलटा: ती सुकते, कडा तडकतात, म्हणून झाकून ठेवावी लागते. सामानाची अडचणही वाटते तेवढी नाही. पुण्याच्या मंडईत मिळणारी पांढरी डबल बी किंवा पांढरा राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात पूर्ण शिजवून, सालं काढून वापरली की काम होतं. डबल बी अर्धी कच्ची ठेवू नये, ती पोटाला बाधते.

सोलच्या उणिवाही आहेत. स्पंजची सवय असलेल्या मुलांना हा केक गोड इडलीसारखा लागतो, माझ्या भाच्याने तसं तोंडावर सांगितलं. शिवाय तो त्याच दिवशी खावा लागतो. भाताप्रमाणे तांदळाचा केकही फ्रिजमध्ये कडक होतो. उरलाच तर ताजा असतानाच फ्रीझरमध्ये टाकून नंतर पुन्हा वाफवायचा. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि विमानाचं भाडं आहेच. फक्त क्लाससाठी सोलला जा, असं मी म्हणणार नाही. पण सोल ठरलेलंच असेल तर हा दिवस जरूर काढा. तिथे एक दिवसाच्या क्लासला कोरियन लोकही "वन-डे क्लास"च म्हणतात. बऱ्याच स्टुडिओंचं बुकिंग इन्स्टाग्रामवर संदेश पाठवून होतं, इंग्रजीत शिकवणाऱ्या बाई आहेत का हे त्याच संदेशात विचारावं. अनेक ठिकाणी कित्येक दिवसांचा सर्टिफिकेट कोर्सही पुढे करतात. सहलीत तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक आपल्या केकचे फोटो बघतं, भिंतीवरचा कागद नाही.

पॅरिस: पाया पक्का करायचा असेल तर

पॅरिसबद्दल एक गैरसमज आधी दूर करते. तिथे तुम्हाला आपल्या अर्थाची "केक डेकोरेशन" फारशी शिकायला मिळणार नाही. फ्रेंचमध्ये "केक" म्हणजे लांबट साच्यातला साधा लोफ. क्लास असतात ते मॅकारॉन, क्रोसाँ, एक्लेअर, टार्ट यांचे. १८९५ साली सुरू झालेल्या ल कॉर्डों ब्ल्यूपासून घराच्या स्वयंपाकघरात चालणाऱ्या वर्गांपर्यंत पर्याय भरपूर, आणि इंग्रजीत शिकवणारेही बरेच. बुक करताना एक गोष्ट नीट वाचा: काही वर्ग फक्त प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणजे शेफ करणार, तुम्ही बसून बघणार आणि चव घेणार. स्वतःच्या हाताने करायचं असेल तर तसं लिहिलेलाच वर्ग घ्या.

मला तिथे मिळालं ते अचूकतेचं शिक्षण. प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये, कपाने मोजणं नाहीच. अंड्याचा पांढरा भागसुद्धा वजनाने. परत आल्यावर माझे साधे स्पंजदेखील सुधारले, ते त्या वजनकाट्यामुळे. पण तिथले पदार्थ जसेच्या तसे इथे होत नाहीत. मॅकारॉनवर ओव्हनमध्ये जाण्याआधी पातळ साय धरावी लागते, आणि जुलैमध्ये मुंबईच्या हवेत ती धरता धरत नाही. क्रोसाँच्या थरांमधलं लोणी आपल्या ओट्यावर पोळी लाटेपर्यंत पाघळतं. आरशासारख्या चकचकीत ग्लेझमध्ये जिलेटिन असतं आणि ते बऱ्याचदा डुकराचं असतं. शाकाहारी असाल तर पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

लंडन

लंडनला जाणार असाल तर रॉयल आयसिंग, एवढंच म्हणेन, कारण तो क्लास मी स्वतः केलेला नाही. साखरेच्या बारीक धाग्यांचं, जाळीचं हे काम म्हणजे ब्रिटिश परंपरेचा कळस. पुण्याच्या केक कलाकार प्राची धबल देब यांनी ते इंग्लंडमध्ये रॉयल आयसिंगचे उस्ताद एडी स्पेन्स यांच्याकडे शिकून पुढे बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगमध्ये काम केलं. मिलानच्या कॅथेड्रलची त्यांनी केलेली १०० किलोंची प्रतिकृती अनेकांनी फोटोत पाहिली असेल. पण या कामाला सराव वर्षांचा लागतो. एका दुपारच्या क्लासमध्ये त्याची फक्त तोंडओळख होईल.

गोवा: व्हिसा नको, ओव्हनही नको होता कधीकाळी

सजावट शिकायची असेल तर गोवा यादीतून काढा. बेबिंकेवर क्रीम नाही, फूल नाही. तिची सजावट कापल्यावर दिसते, थरांत. पण मन लावून, सावकाश काहीतरी शिकायचं असेल तर मला या तिन्हींत गोव्याचा दिवस सगळ्यात जास्त आवडला.

नारळाचं पहिलं घट्ट दूध, साखर, बलक, मैदा, तूप, जायफळ. थर रीतीप्रमाणे सात, पण कुणी सोळापर्यंत जातात. एक थर ओतायचा, वरून शेक देऊन तांबूस करायचा, त्यावर चमचाभर तूप, मग दुसरा थर. घाई केली की थर चिकटतात, विसरलं की करपतात. पूर्वी मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे रचत, आता बहुतेक घरी ओव्हनचा वरचा कॉइल. ज्या काकूंकडे मी शिकले त्या प्रत्येक थराला वासावरून हाक मारायच्या: "आता बघ." चार-पाच तास सहज जातात, आणि त्या वेळात गप्पा होतात. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बिबियाना नावाच्या ननने ही पहिल्यांदा केली, मठात अंड्याचं पांढरं कपड्यांच्या खळीला जायचं म्हणून बलक उरायचे, या गोष्टी तिथेच ऐकाव्यात. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

घरी परत आल्यावर सगळं सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, हा गोव्याचा मोठा फायदा. रवा-खोबऱ्याचा 'बाथ' नावाचा गोव्याचा केक तर पहिल्या प्रयत्नात जमतो. फक्त डिसेंबरात जाऊ नका. नाताळच्या फराळाच्या ऑर्डरींमुळे घरोघरच्या बायकांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

पैसे भरण्याआधी

फी एकमेकींशी ताडून बघू नका, हाताला मिळणारा वेळ ताडून बघा. एका वर्गात माझ्यासह दहा जण होते, दोघांत एक वाडगं, आणि फेटण्याचं काम जोडीदाराने केलं ते शेवटपर्यंत. म्हणून विचारा: वर्गात किती जण? प्रत्येकाचा स्वतंत्र केक की एकत्र? घरी नेता येईल का? लिहिलेली कृती ग्रॅममध्ये देणार का?

केकचं पुढे काय करायचं हेही ठरवून ठेवा. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये सहा इंची केकचा डबा मावत नाही. बेबिंका तूप-साखरेमुळे प्रवास सहन करते, मडगावहून रात्रीच्या गाडीने माझी नीट घरी आली. सोलचा केक मी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलींना दिला आणि फुलं तेवढी फोटोत आणली. नोजल आणि फ्लॉवर नेल मोठ्या बॅगेत टाका, केबिनच्या बॅगेत नको. पेस्टची पाकिटंही तिथेच. आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यातच एकदा करून बघा, हाताला वळण आठवतंय तोवर. मी रविवारी डबल बी भिजत घातली होती. पहिल्या घाण्याची पेस्ट सैल झाली, फुलं बसली. दुसरा घाणा कढईत आणखी दहा मिनिटं ठेवला तेव्हा पाकळी उभी राहिली.