५० किलोमीटरच्या ट्रेल शर्यतीचा सराव: राजहंसगड की जांबोटी-कणकुंबीचे जंगल?

बेळगाव परिसरात राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच ५० किलोमीटरच्या ट्रेल शर्यतीत, म्हणजे डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटांवरच्या शर्यतीत, उतरू पाहणाऱ्या धावपटूपुढे सरावासाठी दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या जागा असतात. एक म्हणजे शहराजवळचा येळ्ळूरचा राजहंसगड आणि त्याच्या पायथ्याचे भाताचे शिवार; दुसरी म्हणजे खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाकडे जाणारा दाट जंगलाचा पट्टा. पहिली जागा हाताशी आहे, तर दुसरी एकदा पाहिली की मन तिथेच ओढ घेते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: सरावाचा पाया राजहंसगडावर घालावा आणि जंगलपट्टा मोजक्या, नीट आखलेल्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

या मतामागचे पहिले कारण असे की डोंगरातली शर्यत नुसत्या किलोमीटरांत मोजता येत नाही. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना शर्यतीचे कष्ट ठरवताना दर १०० मीटर चढाईसाठी अंतरात एक किलोमीटर वाढवून धरते. त्या हिशेबाने २,००० मीटर चढाई असलेली ५० किलोमीटरची शर्यत ७० इतकी भरते. चढाईची ही तयारी बहुतेक जण मनावर घेतात, पण पायांची खरी परीक्षा उतारावर होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांब होत असतानाच शरीराचा भार थोपवून धरतात, त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरणेही नकोसे होते. ही इजा भरून आली की तेच स्नायू तशाच उताराला अधिक चांगले तोंड देतात आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. मात्र उतारावरचा सराव सुटला तर ते हळूहळू ओसरते. त्यामुळे दोन जागांची तुलना करताना मी सर्वांत आधी एवढेच पाहतो की, कोणत्या जागी वर्षभर, न चुकता आणि सुरक्षितपणे उतरायला मिळेल.

राजहंसगड या कसोटीवर सरस ठरतो. नोकरी किंवा दुकान सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्याच्या मधल्या दिवशीही पहाटे तिथे जाऊन वेळेत घरी परतता येते. गडापर्यंत रस्ता गेलेला असल्यामुळे अंधारात किंवा भर पावसातही चढ-उताराच्या फेऱ्या चुकत नाहीत, आणि पाय मुरगळलाच तर मदत फार दूर नसते. या फेऱ्यांत प्रत्येक चढ पळत काढण्याचा हट्ट धरू नये. चढ फार खडा झाला की पळण्यापेक्षा झपाट्याने चालण्यात कमी शक्ती लागते आणि लांब शर्यतीत अनुभवी धावपटूही तेच करतात. म्हणून मांडीवर हात टेकून, पुढे झुकून चालण्याचाही वेगळा सराव करावा. गडाच्या उणिवाही स्पष्ट आहेत. चढ लवकर संपतो, त्यामुळे तासभर सलग चढत राहण्याची मनाला सवय होत नाही. आणि नुसत्या रस्त्यावर उतरत राहिल्यास पावलांना दगड, माती आणि मुळे ओळखण्याचे वळण लागत नाही. या उणिवेवर पायथ्याच्या पाणंदी आणि बांधांवरच्या वाटा बराचसा उपाय ठरतात, मात्र उभ्या पिकातून वाट काढू नये.

जंगलपट्ट्यात नेमके तेच शिकायला मिळते जे गडावर मिळत नाही. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या भागात बेळगाव शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. शेवाळलेला ओला जांभा, ओढ्यातले गोटे आणि पालापाचोळ्याखाली दडलेली मुळे यांवर पाऊल टाकताना नजर चार पावले पुढे ठेवावी लागते, पावले आखूड घ्यावी लागतात आणि घोट्याभोवतालचे लहान स्नायू सतत कामाला लागतात. पावसाळ्यात जळवा लागतात, त्या मात्र धोक्यापेक्षा त्रासाचाच भाग आहेत. धोका वेगळाच आहे. अस्वल, गवा आणि अधूनमधून हत्ती यांचा वावर या पट्ट्यात असतो, आणि पहाट व संध्याकाळ या धावपटूंच्या आवडत्या वेळा अस्वलाच्याही हिंडण्याच्या वेळा आहेत. शिवाय याच भागातले भीमगड हे २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले असून त्याचा विस्तार सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे; तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पळायला जाणे हा गुन्हा आहे आणि वन्यप्राण्यांवरही अन्याय आहे. वनखात्याच्या पाट्या बहुधा कन्नडमध्ये असतात, म्हणून कन्नड वाचणारा एक सोबती गटात असणे फार उपयोगी पडते. एकट्याने जाऊ नये, उजाडल्यावरच निघावे, गावकऱ्यांच्या रोजच्या वाटा सोडू नयेत आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. एवढे सगळे जुळवून आणायचे म्हटले की ही जागा आठवड्यातून तीनदा वापरता येणार नाही, हे आपोआपच ठरते.

कोणती शर्यत धरली आहे, यावर हे प्रमाण थोडे बदलते. सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी एसआरटी अल्ट्रा (अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यत) सहसा डिसेंबरात होते. तिच्यात सुट्या दगडांचे खडे उतार आणि वाळक्या गवताच्या घसरड्या वाटा असतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात खडबडीत वाटांवरचे दिवस वाढवावेत. चिक्कमगळूरकडच्या मलनाड अल्ट्राचा मार्ग मुख्यतः कॉफीच्या मळ्यांतून जातो आणि त्याचा बराच भाग सलग पळण्याजोगा असतो. ती पावसाळा सरताना येत असल्यामुळे मुख्य सराव ऐन पावसात करावा लागतो, आणि त्या महिन्यांत राजहंसगडाचेच पारडे जड होते.

या दोहोंच्या मधली एक जागा मला विशेष आवडते: चंदगड तालुक्यातल्या देवरवाडीजवळचे वैजनाथ आणि त्याच्या वरचा महिपाळगड. तिथे झाडीही आहे आणि गडावर वस्ती असल्यामुळे माणसांचा वावरही आहे. पंधरवड्यातला एक लांबचा रविवार तिथे घालवावा.

लांबच्या दिवशी किलोमीटरांपेक्षा तासांचा हिशेब ठेवावा आणि सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग राखावा. खाण्याचा सरावही त्याच दिवशी करावा. दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत; केळी, गुळाची चिक्की, खजूर आणि मीठ-साखरेचे पाणी यांतून ती सहज मिळतात. गोकाकचे करदंट चढावर चालताना थोडे थोडे चघळता येते, पण त्यातला सुका मेवा आणि तूप पळताना काहींना जड जाते, त्यामुळे ते आधी पारखून घ्यावे. तहान नसताना पाणी पीत राहणेही टाळावे, कारण त्याने रक्तातले सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते.

या सगळ्या हिशेबात आनंदाला जागा ठेवावीच लागते, कारण ट्रेलवर माणूस मुळात त्यासाठीच येतो. पाऊस ओसरल्यावर जांबोटीकडच्या झाडीत कोवळे ऊन उतरते आणि ओढे अजून वाहत असतात, तेव्हा घड्याळ पिशवीत टाकून पळण्याचा एखादा दिवस सरावाच्या आखणीत मुद्दाम लिहून ठेवावा. महिन्यातून एकदा, चार-पाच जणांच्या गटाने, असा दिवस घेतला तर गडावरच्या एकसुरी फेऱ्यांचा कंटाळा येत नाही. जंगलातला पहिला दिवस पूर्वतयारीशिवाय घेऊ नये. गडावर निदान दोन महिने नियमित चढ-उतार झाल्यावरच जंगलाकडे वळावे. शेवटचा जंगलदिवस शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपवावा, म्हणजे पायांची दुखणी भरून येतील. त्यानंतर राजहंसगडावरच्या फेऱ्या दर आठवड्याला कमी करत न्याव्यात.