इनलेट निवडताना: शॉक बाहेर की आत?

स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) प्रवासी विमानाच्या इनलेटबाबत, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाबाबत, पहिला पेच हाच: हवा तोंडाबाहेरच दाबायची (बाह्य पद्धत), की थोडी बाहेर आणि उरलेली आत (मिश्र पद्धत)?

आधी दाब. माक 2 ला (ध्वनीच्या दुप्पट वेगाला) एकच सरळ शॉक, म्हणजे प्रवाहाला आडवी, हवा एकदम दाबणारी लाट ठेवली, तर एकूण दाबातला (हवा विनानुकसान थांबवली तर मिळणाऱ्या दाबातला) सुमारे 72 टक्केच हाती उरतो. म्हणून आधी तिरके शॉक घेऊन वेग माक 1.3 च्या आसपास आणायचा. मग शेवटच्या सरळ शॉकमध्ये फारसं नुकसान होत नाही. बाह्य पद्धतीत हे सगळं रॅम्पवर, म्हणजे तोंडापुढच्या तिरप्या पृष्ठावर होतं. कॉन्कॉर्ड माक 2 ला याच पद्धतीने उडायचं, हलते रॅम्प आणि सीमास्तर (पृष्ठालगतचा संथ हवेचा थर) शोषणारी फट वापरून.

पण वेग वाढला की प्रवाह जास्त वळवावा लागतो, काउलची (इनलेटच्या बाहेरच्या कवचाची) कड बाहेर झुकते आणि ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो. इथे मिश्र पद्धत जिंकते: उरलेले शॉक आत असल्याने काउल जवळपास सपाट राहतं.

किंमत मात्र नियंत्रणात मोजावी लागते. सरळ शॉक घशाच्या (आतल्या सर्वांत अरुंद भागाच्या) जरा मागे धरावा लागतो. इंजिनाची हवेची मागणी अचानक घटली की तो तोंडाबाहेर फेकला जातो, म्हणजेच ‘अनस्टार्ट’. थ्रस्ट (इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर) पडतो, विमान एका बाजूला झटका खातं. माक 3 च्या एसआर-71 या टेहळणी विमानाला हे चांगलंच भोवलं. वैमानिक सोसतील, प्रवासी नाही. बाह्य पद्धतीत जादा हवा निमूट बाहेर सांडते.

माक 1.8 पर्यंत बाह्यच घ्या; 2 लाही चालेल. 2.4 च्या पुढे मिश्र, पण जादा हवा बाहेर सोडणारी बायपास दारं आणि वेगवान नियंत्रक यांचं वजन आधीच धरा.