‘सिक्युरिटी पॅकेज’ नावाची पिशवी: ट्रॅव्हल ट्रेलर घेणाऱ्यांनो, सही करण्याआधी वाचा

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेताना डिलिव्हरीच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात एक ओळ हमखास निघते: सिक्युरिटी पॅकेज. रक्कम काही शे डॉलर. तोवर माणूस खुर्चीत बसून आंबलेला असतो, मुलं बाहेर कुरकुरत असतात, आणि समोरचा विक्रेता हळूच म्हणतो, ‘हल्ली चोऱ्या फार वाढल्यात हो.’ सही होऊन जाते. हे पॅकेज ऐच्छिक असतं, नको म्हटलं तर ट्रेलर अडत नाही, हे कोणी आपणहून सांगत नाही.

पिशवीत साधारण असं सामान असतं: कपलरचं (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या तोंडाचं) कुलूप, रिसीव्हरच्या (गाडीमागे हिच बसवायच्या चौकोनी नळीच्या) पिनेचं कुलूप, दोन चाकांच्या मधे अडकवायचा चॉक, म्हणजे अडसर, पिवळसर साखळी, एक पॅडलॉक आणि काचांवर व्हीआयएन, म्हणजे ट्रेलरचा ओळख नंबर, कोरल्याचा कागद. हेच सामान ऑनलाइन मागवणारेही असेच फसतात, फक्त जरा स्वस्तात.

पिशवी उघडण्याआधी ट्रेलरच्या सामानाच्या कप्प्यांची चावी हातात घ्या. तिच्यावर सीएच७५१ असं ठोकलेलं आहे का? खूपदा असतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या असंख्य ट्रेलरांना वर्षानुवर्षं हीच चावी लागत आली आहे आणि ती कोणालाही चार-पाच डॉलरला विकत मिळते. कॅम्पग्राउंडवर शेजाऱ्याला विचारून त्याची चावी आपल्या कप्प्याला लावून पाहा, खात्री पटेल. पॅकेज विकणारा या चावीबद्दल चकार शब्द काढत नाही. बदलायचं काम मात्र सोपं आहे. आतला नट सोडवायचा, जुनं कुलूप काढायचं आणि त्याच्या नळीची लांबी मोजायची. नेहमीची मापं ५/८, ७/८ आणि १ १/८ इंच. भोक बहुधा ३/४ इंचाचं. नळी आखूड घेतलीत तर नट दाराच्या जाडीपलीकडे पोचत नाही. लांब घेतलीत तर चावीबरोबर फिरणारी आतली पट्टी दार घट्ट ओढत नाही, दार खडखडतं आणि पावसाचं पाणी आत जातं. जुन्या पट्टीला बाक असेल तर तीच पट्टी नव्या कुलपाला लावा.

इथे दुसरा सापळा आहे. ‘रिप्लेसमेंट सेट’ म्हणून जे विकतात त्यातही पुष्कळदा ७५१ नंबरचीच चावी येते. पाकिटावर चावीचा नंबर लिहिलेला नसेल तर घेऊ नका. नळीसारख्या गोल चावीचं कुलूप त्याहून बरं, पण ‘गोल म्हणजे अभेद्य’ या जाहिरातीला भुलू नका. साध्या बॉलपेनच्या नळीने क्रिप्टोनाइट कंपनीची गोल चावीची सायकल-कुलपं उघडतात हे २००४ साली जगजाहीर झालं आणि कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. हलक्या प्रतीच्या गोल कुलपांत ही खोट अजूनही सापडू शकते.

आता कपलर, म्हणजे गाडीमागच्या हिचच्या गोळ्यावर, बॉलवर, बसणारा ट्रेलरचा जबडा. सगळ्यात जास्त बनवाबनवी इथे चालते. पिशवीतलं कुलूप ‘युनिव्हर्सल’ असतं: खालून एक गोळा जबड्यात घालायचा, वरून यू आकाराचा दांडा आणायचा आणि दाबून बसवायचा. ट्रॅव्हल ट्रेलरांना सहसा २ किंवा २ ५/१६ इंचाचा बॉल लागतो. माप कपलरवरच ठोकलेलं असतं. सगळ्या मापांना चालणारं कुलूप कुठल्याच मापाला नीट बसत नाही. २ ५/१६ च्या जबड्यात ते लडबडतं, दांडा आणि कपलर यांच्यात बोटभर फट राहते. त्या फटीत पहार घालून पीळ दिला की काम तमाम. कुलूप लावल्यावर हाताने हलवून बघा. बोट आत शिरत असेल तर पहारही शिरते.

पाकिटावर ‘हार्डन्ड स्टील’ लिहिलेलं असतं. ते बहुधा दांड्यापुरतं खरं असतं. अंग जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ओतकामाचं असतं आणि वरून काळा किंवा पिवळा रंग. वजनावर जाऊ नका. जस्त जवळजवळ लोखंडाइतकंच जड असतं, म्हणून हातात घेतल्यावर कुलूप भारदस्त वाटतं. लोहचुंबक लावा: दांड्याला चिकटतो आणि अंगाला नाही, तर उत्तर मिळालं. मात्र जस्ताच्या गाभ्यावर पातळ पत्र्याचं कवच घातलेलं असेल तर चुंबक फसतो, तिथे कानस कामाला येते. नवी, बारीक दातांची कानस कुलपाच्या कोपऱ्यावर, मुलामा निघेल इतपत दाबून फिरवा. कडक केलेल्या पोलादावरून ती सरकते, नुसता चरा उठतो. मऊ धातूत ती चावते आणि भुकटी पडते. घणाच्या दोन घावांत फुटलेलं असं कुलूप पाहिलंत तर तुटलेली बाजू राखाडी आणि रवाळ दिसते, कुठे वाकल्याची खूण नाही. ओतीव जस्त वाकत नाही, सरळ तुटतं.

घ्यायचंच तर आपल्या कपलरच्या मापाचं आणि आकाराचं, जाड पोलादी पत्रा वेल्ड करून बनवलेलं, जबडा वरून-खालून झाकणारं घ्या. त्याचा सिलिंडर, म्हणजे चावी घालायचा भाग, आत खोल हवा, छिन्नी लावायला जागाच राहता कामा नये.

जबड्याच्या खिट्टीत घालायची पाव इंची पिनेची कुलपंही ‘कपलर लॉक’ म्हणूनच खपवतात. प्रवासात ट्रेलर जोडलेला असताना कोणी खिट्टी उचलू नये यासाठी ती उपयोगी आहेत. उभ्या ट्रेलरला त्यांचा आधार नाही: चोर लहान बॉल घुसवून बघतो, किंवा कपलर नुसता बॉलवर टेकवून ट्रेलरच्याच सेफ्टी चेननी बांधतो आणि हळूहळू निघून जातो. आणि तुमचा कपलर ट्रेलरच्या जिभेला (पुढे आलेल्या दांड्याला) वेल्ड केलेला आहे की दोन बोल्टांवर बसवलेला, हे वाकून बघा. बोल्टांवर असेल तर ५/८ इंचाच्या बोल्टला १५/१६ चा पाना लावून अख्खा कपलर कुलपासकट काढता येतो आणि चोर आपला कपलर बसवतो. तिथे बोल्टच्या डोक्यावर बसणारं कुलूप लावा किंवा वेल्डरकडून नटाला टाका मारून घ्या.

रिसीव्हरच्या पिनेचं कुलूप वाईट नसतं, पण ते गाडीमागचा हिच, म्हणजे बॉल बसवलेला जोड, वाचवतं, ट्रेलर नाही. मोठ्या रिसीव्हरला ५/८ इंचाची पिन लागते, १ १/४ इंचाच्या लहान रिसीव्हरला १/२ इंचाची. पातळ पिनेवर बाही चढवून ‘दोन्हीला चालते’ म्हणतात, ते ओढायच्या ताकदीच्या दृष्टीने टाळलेलंच बरं.

चाकांमधला चॉक ट्रेलर डुलू नये म्हणून असतो. त्याच्या स्क्रूला पॅडलॉकचं भोक आहे एवढ्यावर त्याला चोरीविरोधी म्हणून विकणं ही सरळसरळ थाप आहे. चाकाचं कुलूप म्हणजे रिमच्या मोकळ्या भोकातून आरपार जाणारं आणि चाकाचे नट झाकणारं. नट उघडे राहिले तर चोर ते चाक काढतो आणि तुमच्याच ट्रेलरच्या मागे टांगलेलं स्पेअर चाक लावून जातो! दोन ॲक्सल असतील तर कुलूप अशा चाकाला लावा की चाक फिरताच कुलपाचा पाटा शेजारच्या चाकावर किंवा स्प्रिंगवर अडेल.

साखळीचा पिवळसर रंग बघून भुलू नका. ती ग्रेड ७० ची वाहतुकीची साखळी. हा आकडा किती ओझं ओढता येईल ते सांगतो, कटरने तुटेल की नाही ते सांगत नाही. सुरक्षेची साखळी वेगळी: पृष्ठभाग कडक केलेली, चौकोनी कड्यांची, निदान १२ मिलिमीटर जाड, शक्यतो १४ ते १६. ती ॲक्सल किंवा फ्रेमभोवती, चाकाच्या भोकातून घ्या आणि ताणून वर बांधा. जमिनीला टेकली तर कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर अख्ख्या अंगाचा भार देता येतो.

पॅडलॉक निवडताना कडी किती उघडी राहते ते पाहा. गावाकडून आणलेलं सात लिव्हरचं पितळी कुलूप चावीवाल्याला घाम फोडेल, पण उघड्या कडीला कटर लागल्यावर लिव्हर सात की सतरा, काय फरक पडतो? कडी झाकलेली असावी. ‘सिक्युरिटी लेव्हल ९’ वगैरे आकडे त्या-त्या कंपनीचे स्वतःचे असतात, एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. बाहेरच्या कसोटीचे म्हणजे युरोपातलं ईएन १२३२० मानक, ज्यात पॅडलॉकच्या १ ते ६ श्रेण्या आहेत, किंवा ब्रिटनमधलं सोल्ड सिक्युअर. यापैकी काही पाकिटावर असेल तर कुलपाच्या नेमक्या मॉडेलचं नाव त्या यादीत आहे का ते तपासा, कारण शिक्का छापायला काय लागतं! बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे यातलं बहुतेक सगळं कधी ना कधी हार मानतंच. चार ठिकाणी कापावं लागलं की वेळ आणि आवाज वाढतो, तेवढंच आपल्या हातात.

एक खर्च न सांगता येतो, तो गंजाचा. बाहेर वर्षभर राहिलेल्या सिलिंडरमध्ये पाणी आणि मीठ जातं आणि स्वतःच्या कुलपाला स्वतःच ग्राइंडर लावायची पाळी येते. भोकाला झाकण असलेलं कुलूप घ्या, तोंड खाली करून लावा आणि ग्राफाइटची किंवा टेफ्लॉनची कोरडी पूड वापरा. ग्रीस थंडीत आळतं आणि धूळ धरतं.

काचेवर कोरलेल्या व्हीआयएनबरोबर ‘चोरी झाल्यास भरपाई’चं पत्र देतात. त्यातलं बारीक अक्षर वाचा: रोख मिळणार की त्याच डीलरकडे पुढच्या खरेदीत सूट, आणि कोणती कुलपं लावलेली असल्याचा पुरावा मागणार. व्हीआयएन ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागावर बाहेरून लेबलवर असतोच. त्याचा फोटो फुकट निघतो. जुना ट्रेलर घेताना तो नंबर नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या व्हीआयएनचेकवर टाकून बघा, तेही फुकट आहे.

पॅकेजमधलं सामान सांगितल्यासारखं निघालं नाही तर आधी डीलरला लेखी कळवा. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम पहिल्यांदा आली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीला लेखी तक्रार पोचली पाहिजे. सोबत बिल, पाकिटावरच्या ‘हार्डन्ड स्टील’चा फोटो आणि कानशीने उठलेल्या भुकटीचा फोटो जोडा. ही सगळी कागदपत्रं, चाव्यांचे नंबर आणि जादा चाव्या घरात ठेवा, ट्रेलरच्या खणात नको.