खिशातला ब्रेथ अ‍ॅनालायझर: यंत्र चांगलं, हिरवा दिवा घातक

घेण्याआधी आतला सेन्सर कुठला ते बघा. सेमीकंडक्टरवाली मॉडेलं श्वासातल्या अ‍ॅसिटोन नावाच्या रसायनालाही दारू समजून भुलतात. माझं फ्युएल सेलचं आहे, म्हणजे श्वासातल्या दारूपासून वीज तयार करून ती मोजणारा सेन्सर, पोलिसांच्या बऱ्याच यंत्रांत असतो तसलंच. शेवटच्या घोटानंतर १५ मिनिटं थांबून फुंकायचं, नाहीतर तोंडात उरलेल्या दारूमुळे आकडा भलताच चढतो. अधूनमधून कॅलिब्रेशनही (आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवणं) लागतं, हे खोक्यावर बारीक अक्षरात आहे.

तक्रार हिरव्या दिव्याची, आकडा मर्यादेच्या आत असला की लागतो त्याची. पार्टी संपता संपता मेहुण्यांनी फुंकलं आणि म्हणाले, "हिरवा आला, काढू ना गाडी?" अहो, पोटातली दारू अजून रक्तात उतरायची होती! अर्ध्या तासाने आकडा चढलाच. किल्ली मी दिली नाही. ते रुसले, रुसू देत.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या शिक्षेचं म्हणाल तर नुसता दंड वाढवून पैसेवाल्याला काय फरक पडतो? पहिल्याच वेळी परवाना काही महिने काढून घ्या. दुसऱ्यांदा सापडला तर गाडीत इंटरलॉक बसवा, म्हणजे फुंकून पास झाल्याशिवाय इंजिनच सुरू होत नाही. कोणाचा जीव गेला तर तुरुंगच. आणि रस्त्यावर तपासणीच होत नसेल तर यातलं काहीही कागदावरच राहणार.

यंत्राला पाचपैकी चार तारे. एक दिव्यापायी कापला.