पोकर शिकवणारं अ‍ॅप : चुका बरोबर दाखवतं, पण स्वतःच एक चूक शिकवतं (३ स्टार)

तीन महिने वापरून मग लिहितोय, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि दुसऱ्या आठवड्यात एक. नाव मुद्दाम टाकत नाही, अशी बरीच अ‍ॅप्स आहेत आणि साधारण सगळ्यांची तऱ्हा सारखीच आहे. खऱ्या पैशाचा खेळ यात नाहीये, सगळ्या खोट्या चिप्स, एका बाजूला बॉट्सबरोबर सराव, दुसऱ्या बाजूला लॉबीत माणसांबरोबर टेबलं, आणि प्रत्येक डाव संपला की तुम्ही कुठे माती खाल्ली ते सांगणारा रिपोर्ट. मी घेतलं ते रिपोर्टसाठी.

पहिल्या रविवारी रिपोर्ट उघडला आणि वरतीच आकडा, व्हीपीआयपी ४७. म्हणजे शंभर डाव वाटले गेले तर त्यातल्या ४७ डावांत मी आपणहून चिप्स घातल्या. सहा जणांच्या टेबलावर साधारण २० ते २५ हा शहाण्या माणसाचा आकडा धरतात, आणि मला तोपर्यंत वाटत होतं की मी फार जपून खेळतो! इथे अ‍ॅपने एक गोष्ट छान केली, नुसता आकडा तोंडावर मारला नाही तर कुठली पानं घेऊन मी घुसत होतो त्याची जंत्रीच दिली. त्यातले निम्मे हात (वाटून आलेली दोन पानं) सुटेड, म्हणजे एकाच चिन्हाचे, दोन्ही पानं बदामाची आहेत ना, मग राजा आणि चौकी का असेना, बघू की फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन सामाईक पानं). आता दोन सुटेड पानांना फ्लॉपवरच पूर्ण फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) लागायची शक्यता एक टक्कासुद्धा नाही, ०.८४ टक्के. नुसतं सुटेड असल्याने हाताची ताकद वाढते ती दोन ते चार टक्के. मी मात्र बदाम दिसले की उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

एकूण दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात, त्यातल्या एक्क्यांच्या जोडीच्या फक्त ६, म्हणजे २२१ डावांत एकदा. हे माहीत असतं हो सगळ्यांना, पण सलग चाळीस मिनिटं कचरा पानं आली की माणूस कंटाळतो आणि कंटाळा आला की गुलाम-सत्ती पण देखणी वाटायला लागते. माझ्या मते ऑनलाइन खेळातली सगळ्यात मोठी चूक हीच, कंटाळा. बटण हाताशी, पुढचा डाव दहा सेकंदात, समोर कोणी बसलेलं नाही की ज्याच्यासमोर लाज वाटावी.

आता पॉट ऑड्सबद्दल (पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, आणि त्यासाठी आपल्याला घालाव्या लागणाऱ्या चिप्स यांचा हिशेब), कारण अ‍ॅपचा खरा पैसा वसूल भाग हा आहे. टर्नला (चौथं सामाईक पान उघडल्यावर) ओळीतली पाच पानं पूर्ण करायला मला मधलं एक पान लागत होतं, म्हणजे पाच-सहा-आठ-नऊ आहेत आणि सत्तीची वाट बघतोय. समोरच्याने पॉटएवढीच बेट लावली आणि मी कॉल केला (तेवढ्याच चिप्स घातल्या), का, तर इतकं घातलंय आता मागे कुठे जायचं. अ‍ॅपने डाव थांबवून हिशेब मांडला. पॉट १००, त्याची बेट १००, मला घालायचेत १०० आणि मिळणार २००, म्हणजे तीनात एकदा तरी जिंकायला हवं, ३३ टक्के. माझ्या कामाची पानं किती? चार सत्त्या. न दिसलेली पानं ४६. म्हणजे नऊ टक्क्यांच्या आतच. ३३ लागतायत आणि खिशात नऊ पण नाहीत. पुढे कधीतरी सत्ती लागल्यावर त्याच्याकडून अजून काढीन हा युक्तिवाद असतो, पण तो एवढी मोठी दरी भरत नाही. आणि आधी घातलेल्या चिप्स पॉटच्या झाल्या, माझ्या राहिल्याच नाहीत, हे डोक्यात शिरायला मला अख्खा महिना लागला.

उलट एक डाव असा झाला की फ्लश लागायला नऊ पानं होती, रिव्हर (शेवटचं, पाचवं सामाईक पान) यायचं बाकी, पॉट ४०० आणि समोरच्याची बेट फक्त १००. मी घाबरून फोल्ड केला (पानं टाकून दिली) आणि अ‍ॅपने तीही चूक म्हणून लाल केली, कारण १०० घालून ५०० मिळणार होते, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास पुरे होते आणि माझ्याकडे ४६ पैकी ९, साडेएकोणीस टक्के. ही चूक एरवी कुणी दाखवली नसती, हरलेला डाव आठवतो, सोडलेला आठवत नाही. यासाठी एक स्टार पूर्ण.

पोझिशनचा, म्हणजे आपली पाळी कधी येते याचा, भाग ठीकठाक. शेवटी बोलायला मिळणं फायद्याचं आणि ब्लाइंडमध्ये (जिथे पानं बघायच्या आधीच सक्तीची बेट भरावी लागते) बसून कुठल्याही पानांवर "आधीच अर्धे भरलेत" म्हणून कॉल करणं तोट्याचं, एवढं कळतं, त्यापलीकडे अ‍ॅप फार खोलात जात नाही.

सॉल्व्हरवाला (कॉम्प्युटरने काढलेली आदर्श चाल दाखवणारा) विभाग मात्र नवख्याने उघडूच नये. तिथे उत्तर येतं, "या हातावर ६२ टक्के वेळा बेट, ३८ टक्के वेळा चेक (बेट न लावता पाळी पुढे)." अरे पण आत्ता काय करू? शिवाय ती उत्तरं समोरचाही बिनचूक खेळतोय असं धरून काढलेली असतात, आणि लॉबीत समोरचा कोण, तर तिसऱ्या क्रमांकाच्या कमकुवत जोडीवर ऑल-इन करणारा (सगळ्या चिप्स एकदम घालणारा). बॉट्सबरोबर ब्लफ (चांगली पानं नसताना बेट लावून घाबरवणं) मस्त चालतात, ते इमानदारीत फोल्ड करतात, म्हणून मला वाटलं आपण ब्लफमध्ये पोचलोय. लॉबीत गेलो, रिव्हरला मोठी बेट मारली, समोरच्याने सेकंदात कॉल केला, हातात चौकीची जोडी! कोण सोडणार फुकटच्या चिप्स? जो फोल्डच करत नाही त्याला ब्लफ मारायचा नसतो, चांगलं पान आलं की बेट लावायची आणि त्याला कॉल करू द्यायचं. हे अ‍ॅप कुठेच सांगत नाही, ते मला हरून हरून कळलं.

बटणांबद्दल दोन शब्द, कारण निम्म्या चुका तर बोटांच्या आहेत. बेट ठरवायची सरकपट्टी इतकी नाजूक की पॉटच्या निम्मी लावायला गेलो आणि ऑल-इन झालो, दोनदा. "खात्री आहे का" विचारणारी सोय आहे, पण ती आधीपासून बंद असते, सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करा, आजच करा. आपली पाळी यायच्या आधीच चेक-फोल्डवर टिक मारून ठेवायची सवय पण सोडा, क्षणात चाल पडली की समोरच्याला कळतं की हा खेळायला तयारच नव्हता, आणि पुढच्या वेळी तुम्ही पाच सेकंद थांबलात तर तेही त्याला कळतं. एकदम दोन टेबलं उघडायचा मोह झाला होता, एका टेबलावरची चाल दुसऱ्यावर मारली आणि बंद केलं.

आता खालचे रिव्ह्यू वाचले तर दर तिसरा माणूस ओरडतोय की अ‍ॅप फिक्स आहे, मलाच वाईट पानं देतं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. एक्क्यांच्या जोडीवर समोरच्याची राजांची जोडी जिंकते ती साधारण १८ टक्के वेळा, म्हणजे पाच-सहात एकदा, आणि ऑनलाइन एका तासात ६०-७० डाव सहज होतात, त्यामुळे असे धक्के भराभर बसतात. तरी पत्ते पिसण्यात खोट कधी निघालीच नाही असं नाही. १९९९ मध्ये काही संशोधकांनी त्या वेळच्या एका ऑनलाइन पोकरच्या प्रोग्रॅमची पोल उघडली होती. ५२ पानांचे क्रम मोजले तर ६८ आकडी संख्या येते, आणि तो प्रोग्रॅम घड्याळावरून सुरुवात करायचा, म्हणून त्याला दिवसभरात जमतील असे क्रम होते जेमतेम साडेआठ कोटी. स्वतःची दोन आणि फ्लॉपची तीन पानं बघून त्यांनी बाकी सगळी ओळखून दाखवली. पण आपण हरतोय त्याला बहुतेक वेळा असलं काही लागत नाही, आपलं व्हीपीआयपी ४७ पुरतं.

सुधारलो का हे सुद्धा लगेच कळत नाही. शंभर डावांमागे पाच मोठ्या ब्लाइंडएवढ्या चिप्स कमावणारा चांगला खेळाडूही दहा हजार डावांनंतर तोट्यात असू शकतो, चढउतारच एवढे असतात. म्हणून मी जिंकलो-हरलोचा आलेख बघणं सोडलं आणि फक्त लाल खुणा मोजतो. व्हीपीआयपी आता २७ आहे. रात्री अकरानंतर मात्र अजून ३९, आणि मोठा पॉट हरल्यावरच्या पुढच्या दहा डावांचं तर विचारूच नका. हे वेळेनुसार दाखवणारं पान अ‍ॅपमध्ये अगदी तळाशी लपवलंय, खरं तर ते सगळ्यात वर हवं होतं.

आणि आता राग कशाचा ते. रिपोर्टमध्ये हेच अ‍ॅप मला सांगतं की एका टेबलावर आपल्या सगळ्या चिप्स घेऊन बसू नकोस, वीस-तीस वेळा बसता येईल एवढा साठा हवा, टिल्ट झालास (हरून डोकं फिरलं) तर ऊठ. आणि लॉबीत चिप्स संपल्या रे संपल्या की पडदाभर सोन्याची नाणी उधळत "लगेच भरा!" म्हणतं, मोफत चिप्स, दुप्पट मोठं टेबल, चला. मी दोनदा उठायचं ठरवून परत बसलोय ते या बटणापायी. मास्तर एकीकडे अभ्यास घेतोय आणि दुसरीकडे तोच खिडकीतून हाका मारतोय असं झालं. रोज रात्री साडेदहाला बोनसचं नोटिफिकेशन येतं, बरोब्बर माझा आकडा बिघडायच्या आधी अर्धा तास.

रिपोर्टला पाच, लॉबीला एक, सरासरी काढून तीन. ते नोटिफिकेशन तेवढं वेगळं बंद करायची सोय दिली तर चौथा स्टार देईन, आत्ता सेटिंग्जमध्ये नाहीये, सगळं शोधून झालं.