सावजी रश्श्यात काय घालावं: सोयावडी की पाकिटातलं 'शाकाहारी मटण'?

श्रावणात किंवा शनिवारी नागपुरात हा प्रश्न पडतोच. रस्सा तर झणझणीत हवाच, पण मटण चालणार नाही.

सोयावडी इतवारीत कुठल्याही किराणा दुकानात सुटी मिळते. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेल्या पिठापासून ती बनते, आणि सोयाबीन तर विदर्भाचंच पीक. कोरड्या वडीत 100 ग्रॅममागे 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. भिजली की ती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे ताटातला हिशेब बराच खाली येतो, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. उग्र वास हा तिचा खरा दोष. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळा, मग तेलात परता. न पिळता टाकली तर रस्सा आत शिरतच नाही, चावल्यावर नुसतं पाणी सुटतं.

पाकिटातल्या मटणाचे धागे जास्त खरे वाटतात. पण ते महाग, बहुतेक गोठवलेलं, आणि मे महिन्यात 45 अंशांत घरी नेईपर्यंत वितळायची भीती. मटण सोडू पाहणाऱ्याला ते पटेल. जन्माच्या शाकाहारी माणसाला मात्र तो मांसासारखा पोतच नको असतो. शिवाय काळा मसाला, खसखस, सुकं खोबरं आणि वर तेलाचा तवंग असला की दोन्हींची चव सारखीच लागते. मग जास्तीचे पैसे कशाला? माझं मत वडीला.

सासूबाई म्हणतील, पाटोडी (रश्श्यात घालायची बेसनाची वडी) असताना दोन्ही कशाला! त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.