बारशाआधी वापरलेले नावांचे अ‍ॅप

पुतणीच्या बारशासाठी आम्ही बाळाची नावे सुचवणारे एक मोफत मराठी अ‍ॅप वापरले. जन्मवेळ भरताच ते नक्षत्राच्या चरणावरून (चार भागांपैकी एकावरून) अक्षर देते, आणि अवकहडा चक्राशी, म्हणजे पंचांगातील नामाक्षरांच्या कोष्टकाशी, ताडून पाहिले तेव्हा रोहिणीची ओ, वा, वी, वू ही अक्षरे बरोबर निघाली. हस्त नक्षत्राच्या ण किंवा ठ यांसारख्या अवघड अक्षरांसाठी मात्र ते ओढूनताणून जुळवलेली नावे पुढे करते. जन्मनाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारात वेगळे नाव देण्याची आपली रूढ सोय ते सांगतच नाही.

अर्थांच्या बाबतीत तर ते अजिबात विश्वासार्ह नाही. 'रेयांश' म्हणजे 'सूर्याचा अंश' असे तेथे ठामपणे लिहिले आहे, आणि त्याला संस्कृतात काहीही आधार नाही.

आगळे नाव मुलाला वर्गात ओळख देते हे खरे, तथापि ज्याचा उच्चार हजेरी घेणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगावा लागतो, ते नाव लाजाळू मुलाला जड जाते असे माझे मत आहे. उलट मुक्ता, यमुना, केशव ही जुनी नावे आता वर्गात क्वचित ऐकू येत असल्याने तीही वेगळी ठरतात, शिवाय उच्चारायला सोपी असतात. अ‍ॅपने ती यादीच्या तळाशी ढकलली आहेत, याचे वाईट वाटते.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव येते, तेव्हा पूर्ण नाव एकत्र वाचून पाहण्याची सोय येथे असायलाच हवी होती. जन्मनोंदणीत १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, ही उपयुक्त माहिती मात्र त्यात स्पष्ट दिली आहे.